श्यामरावच्या हातचा जोड

या, असे जवळ सरकून बसा. टाळ ठेवा क्षणभर बाजूला. भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची, पुंडलिक वायरमनची गोष्ट सांगतो.

सेक्टर दहामधल्या भीमाबाईंच्या क्वार्टरमध्ये पुंडलिक स्टुलावर उभा होता. जुने फ्यूज काढून नवे ब्रेकर बसवले होते. जरा करंट जमिनीत गळला की खटका खाली. भीमाबाईंच्या घरचा खटका रोज सकाळी पडे, मग दिवसभर नाव नाही.

"काढूनच टाक ना तो ब्रेकर, भाऊजी," भीमाबाई म्हणाल्या. "फ्यूज होते तवा काही तरास नव्हता. डायरेक्ट करून दे."

"डायरेक्ट करतो अन् मंग तुमच्या तेरवीले जेवाले येतो, वहिनी."

"ये ना. बुंदी कराले सांगून ठेवतो पोराले."

पोरगा ओमप्रकाश प्लांटच्या ड्यूटीची तयारी करत होता. "काका, आईचंच ऐका. रोज कपड्याची प्रेस अर्धवट राहून राहिली. दिमाग खराब होऊन राहिला."

पुंडलिकने प्रेस पाहिली, मोटर पाहिली, पाणी तापवायचा रॉड पाहिला. सगळं काढून ठेवलं, तरी दुसऱ्या सकाळी खटका पडलाच. मग एकदा ड्यूटीआधी येऊन तो अंगणात नुसता बसला. फॉल्ट शोधणं म्हणजे कीर्तनाला बसणं, असं तो म्हणे. आपण गप्प झालो की ऐकू येतं.

भीमाबाई न्हाऊन आल्या. ओल्या, अनवाणी पायांनी तुळशीला पाणी घातलं आणि वृंदावनाच्या काठावर बोटं टेकवली. बोटं तिथंच राहिली. घरात खटका पडला, पंखा मंदावला.

पुंडलिकला उलगडा झाला. वृंदावनातला दिवा बसवला होता श्यामरावने, भीमाबाईंच्या नवऱ्याने. दोघं एकाच गँगचे वायरमन, एकाच भजनी मंडळातले. श्यामराव गेला, मागोमाग दिवाही गेला. मातीखालची वायर तेवढी जिवंत राहिली होती, आणि ओल्या काठात करंट उतरत होता. आणि मंडळात भीमाबाई बायकांना सांगत, "तुळशीले हात लावला का हे येतात. बोटाले समजते." ऐकून बायका हात जोडत.

आता हे सांगायचं कसं? मुकाट्याने वायर कापली, तर उद्या त्यांना वाटणार, नवरा रुसला.

"वहिनी, तुमच्या बोटाले लागते ना, ते श्यामराव नाही. करंट हाये. जीव जाईन एखाद्या दिवशी."

भीमाबाईंनी लोटा खाली ठेवला. "मले काय समजत नाही? वायरमनची बायको व्हय मी. पयल्याच दिवशी समजलं."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं असतं तर तू कापून टाकलं असतं." त्यांनी वृंदावनाकडे पाहिलं. "जोड त्यायच्या हातचा हाये, भाऊजी. करंट का असंना, त्यायच्याच हातातून येते."

ओमप्रकाश दारात उभा राहून ऐकत होता. शर्टाची बटणं लावायची राहिली.

 पुंडलिक हळूच म्हणाला, "उद्या तुमच्या जागी सूनबाई तारा पाणी घालीन. तिले तर हे काही माहीत नाही."

भीमाबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत तारा पोळ्या लाटत होती.

"काप," त्या म्हणाल्या.

मेन बंद करून पुंडलिकने माती उकरली. जोडावरची पट्टी सडली होती, तांब्याचे पीळ मात्र घट्ट होते. शेवटचा पीळ उलटा. श्यामरावची ती खोड. गँगमध्ये त्यावरून थट्टा व्हायची.

"पाहा, उलटाच मारला."

"पायजाम्याची नाडीबी तशीच बांधत," भीमाबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावून हसल्या.

दुसऱ्या सकाळी खटका पडला नाही. भीमाबाईंनी पाणी घातलं, काठावर बोटं ठेवली. काही आलं नाही. तरी रोजच्याइतकाच वेळ त्या तिथे उभ्या राहिल्या. कुंपणापलीकडे पुंडलिक सायकल धरून थांबला होता. त्या घरात गेल्या, तेव्हाच तो ड्यूटीला निघाला.

पुंडलिक आता हरीच्या पायाशी आहे. तुमच्या घरी कधी खटका पडला, तर वैतागू नका, कुणाचा तरी जीव वाचला असेल. एवढं करा, अंधारात एकदा पुंडलिकचं नाव घ्या.