शांत झालेली लेकरं

चिंचपाड्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावर त्या दिवशी इतकी माणसं जमली होती की चिंचेखाली बसायला जागा उरली नव्हती. बायका पुढे, त्यांच्या मांडीवर लेकरं, मागे पुरुष उकिडवे बसलेले. देवळात जाणारे होते, रविवारी चर्चला जाणारेही होते. बाबाने कोणाचा धर्म विचारला नव्हता. धंद्याला तेवढी समज असते.

बाबाचं नाव शुद्धीबाबा. समोर पाट, पाटावर पाण्याची काचेची वाटी, शेजारी अंगणवाडीतून लहान मुलांसाठी मिळणाऱ्या पिठाचं फोडलेलं पाकीट. हातात तपकिरी बाटली.

"देखो बेन," बाबा म्हणाला, "ये सरकारी पीठ. दिसायला गोरं, पण पोटात काय आहे? मी नाही सांगणार. सत्याचा थेंब सांगेल."

पीठ वाटीत कालवलं, वर थेंब सोडला. वाटीतलं पाणी शाईसारखं झालं. बायकांनी लेकरं छातीशी घट्ट धरली.

"जहर बोललं. आता आपलं शुद्ध अन्न." त्याने दुसऱ्या वाटीत आपल्या पुडीतली पांढरी भुकटी टाकली आणि थेंब सोडला. पाणी जरासं पिवळं झालं, काळं काही होईना. मग त्याने पहिल्या वाटीत आपलं अमृतजल ओतलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, चमच्याने ढवळलं. काळं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा पांढरं झालं.

"आणि सगळ्यात मोठा चमत्कार तर तुमच्या घरात आहे. जिने माझं अन्न दिलं, तिचं बाळ शांत झालं की नाही? जहर उतरलं की बाळ रडत नाही."

पुढच्या रांगेतल्या हन्नाने मान हलवली. तिच्या खांद्यावर दीड वर्षांची लिडिया होती, डोळे उघडे, हात लोंबते. हन्ना घरी मावची बोलते, पण बाहेरच्यांसमोर शाळेतलं मराठी वापरते. "आधी रात्रंदिवस रडायची," ती म्हणाली. "आता रडत नाही."

लोकांनी हात जोडले. माशी लिडियाच्या ओठावर बसली होती. ती उडवायला लिडियाचा हात उठला नाही, हे मी पाहिलं आणि वहीत लिहून घेतलं. आम्ही वकील लोक पाहिलेलं लिहून घेतो, मग आमचं काम झालं असं आम्हाला वाटतं.

मी नंदुरबारला वकिली करते आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना अन्न कायदा शिकवते. अन्नसुरक्षा कायद्याने लहान मुलांना जे मिळायला हवं ते खरोखर मिळतं का, हे बघायला आम्ही तिघं आलो होतो. धानोऱ्याचे इंद्रसिंग वकील, माझी विद्यार्थिनी रक्षा आणि मी. रक्षा नवापूरच्या किराणा व्यापाऱ्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला.

गर्दी पांगल्यावर अंगणवाडीच्या प्रमिलाबाईंनी आम्हाला गाठलं. "पाकिटं हल्ली फारसं कोणी नेत नाही, मॅडम. नेली तरी उकिरड्यावर ओततात. बाकीच्यांच्या घरी निदान भाकरी तरी आहे. हन्नाचा नवरा सुरतेला मजुरीला गेलाय, ती पोर ह्या पिठावरच होती. वजन घसरत चाललंय तिचं."

आता खरं म्हणजे बाबाला धरायचं. पण आम्ही पडलो कायद्याची माणसं. बाबावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास नव्हता. त्या काळ्या रंगावर मात्र तिघांचाही बसला. त्याला कारण होतं. भेसळ कशी ओळखावी हे आम्ही वर्गात शिकवतो. दुधात हा थेंब टाकला आणि दूध निळं झालं, की त्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, मिसळलंय, भेसळ आहे. रक्षाने हे परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. निळं म्हणजे भेसळ, एवढं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"बाबा लबाड शे," इंद्रसिंग त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "पन थेंब लबाड नही. पीठमा काहीतरी शे. आपले पुरावा जोयजे."

मग आम्ही जे येतं ते केलं. पाकिटाचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवला. अहवाल येईपर्यंत वाटप थांबवावं, असा अर्ज तालुक्याच्या कार्यालयात दिला. रक्षाने मसुदा इतका नेटका केला की साहेबांनी तिथल्या तिथे सही केली. वाटप थांबलं. सावधगिरी म्हणून ठीकच होतं. जेवण कोणाचं थांबलं, हे त्या अर्जात कुठे नव्हतं.

पुढे काय झालं ते रक्षाच्या डब्यामुळे झालं. आम्ही नवापूरच्या कोर्टात वकिलांच्या खोलीत जेवायला बसलो होतो. बाबाच्या भक्ताकडून मागून आणलेली थेंबाची एक बाटली रक्षा पुराव्याची चिठ्ठी लावायला म्हणून हाताळत होती. झाकण सैल होतं. एक थेंब तिच्या खाकऱ्यावर पडला आणि खाकरा काळा पडला.

ती बघतच राहिली. "मॅडम, हा आईने केलाय. आमच्या घरी पाणीसुद्धा गाळल्याशिवाय पीत नाहीत. आई गहू स्वतः निवडते."

तिने दुसरा थेंब माझ्या भातावर टाकला. काळा. इंद्रसिंगांनी आपली भाकरी झटकन मागे ओढली, पण तिने तिथेही टाकला.

"मन्ही बायकोनी भाकर शे ती," इंद्रसिंग म्हणाले. "तिनामा कोन जहर टाकी?"

कोणीच टाकलं नव्हतं. गहू, तांदूळ, ज्वारी, सगळ्या धान्यात पिष्ट असतंच. धान्य म्हणजेच ते. दुधात ते नसतं, म्हणून दुधात सापडलं तर भेसळ. पिठात ते सापडलं तर ते फक्त पीठ आहे. हे शाळेतल्या मुलालाही कळतं. आम्ही मात्र कलमं पाठ केली होती, त्यामुळे आम्हाला कळायला खाकरा लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

थेंब म्हणजे जखमेवर लावतात ते आयोडीन, हे वासावरून कळत होतंच. मग रक्षाने डब्यातली लिंबाची फोड काळ्या खाकऱ्यावर पिळली. काळं हळूहळू विरलं, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. बाबाचं अमृतजल म्हणजे दुसरं काही नव्हतं, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या आंबट गोळ्या पाण्यात विरघळवलेल्या. उरली पांढरी भुकटी. चहाच्या साखरेवर थेंब टाकला, ती काळी झाली नाही. बाटलीबरोबर आणलेली बाबाची पुडी उघडून आम्ही बोट लावून चाखली. पिठीसाखर.

त्यानंतर खोलीत कोणी जेवलं नाही.

कार्यालयात गेलो. कारकून सभ्य होता. "अर्ज मागे घ्या, काही हरकत नाही. पण वाटप थांबवल्याचा आदेश निघालाय. अहवालाशिवाय तो उठवायचा कोणी?" आमचाच युक्तिवाद तो आम्हाला ऐकवत होता, आणि तो बिनचूक होता.

तिथून सरळ पाड्यावर गेलो. हन्नाच्या दारात रक्षाने सगळं समजावून सांगितलं. हन्नाने ऐकून घेतलं.

"पण तुम्हीच लिहून दिलंय ना," ती म्हणाली. "पीठ खराब आहे म्हणून. बाबाने कागद दाखवला. खाली वकिलांच्या सह्या आहेत."

कोणीतरी आमच्या अर्जाची प्रत बाबाला नेऊन दिली होती. हन्नाबरोबर आम्ही चिंचेखाली गेलो, तिथे जमलेल्या गर्दीसमोर बाबा ती उंच धरून बोलत होता. "मी अडाणी फकीर. पण हे पढेलिखे वकील, काळा कोटवाले, त्यांनी पण मानलं. आता तरी विश्वास ठेवा."

रक्षा गर्दीतून वाट काढत पुढे गेली. तिने वाद घातला नाही. तिने पाड्यावरच्या एका शेतकऱ्याला, रायसिंगदादांना, विचारलं, "दादा, तुमची भाकरी द्याल?" म्हातारे कामावरून थेट आले होते, फडक्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी होती. त्यांनी दिली. रक्षाने बाटलीतून थेंब टाकला. भाकरी काळी पडली.

बाबा सरसावला. "देखा? हवेत जहर आहे. ह्यांच्या भाकरीतपण पाप घुसलं."

रायसिंगदादांनी भाकरी उलटून पाहिली. मग शांतपणे म्हणाले, "ही नागली मी पेरली. मी कापली. बायकोने जात्यावर दळली. पाप कुठून घुसलं, ते सांग."

रक्षाने पाटाशेजारी ठेवलेल्या बाबाच्याच ताटातल्या खिचडीवर थेंब टाकला. ती काळी झाली. लिंबू पिळून तिने तो डाग घालवला. मग ज्याला पाहिजे त्याने आपापल्या घरचं आणलं. उकडलेला बटाटा, शिळा भात, दुकानातलं बिस्किट. सगळं काळं झालं. शेवटी तिने बाबाची पुडी फोडली आणि पुढच्या बायकांच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. त्यांनी जिभेवर घेतली.

कोणी ओरडलं नाही, बाबावर धावून गेलं नाही. बाबाने पाट उचलला, जीपमध्ये बसला आणि शिव्या देत निघून गेला. पुढे जादूटोणाविरोधी कायद्याखाली आम्ही तक्रार दिली, तो सुरतेजवळ पकडला गेला. पण त्या क्षणी सगळे फक्त बसून होते.

हन्नाने विचारलं, "मग मी तिला काय दिलं?"

"साखर," रक्षा म्हणाली. "साखरेचं पाणी."

हन्नाने लिडियाला उचललं. इंद्रसिंगांनी गाडी काढली. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात डॉक्टरांनी लिडियाला लगेच आत घेतलं. हातपाय गार होते. त्यांनी आणि नर्सबाईंनी जे करता येतं ते सगळं केलं.

बाहेर बाकावर हन्ना माझ्या शेजारी बसली होती. डॉक्टर आले तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ती रडायची थांबली, म्हणून मला वाटलं पोट भरलं. नाही का?"

डॉक्टर तरुण होते. ते तिच्यासमोर खाली बसले. "रडायलाही ताकद लागते, ताई," ते म्हणाले. "उपाशी लेकरू आधी रडतं. ताकद संपली की शांत होतं."

त्या आठवड्यात लिडिया गेली. हन्ना रडली नाही, रक्षाही नाही. मला काही वाटलं का, हे मला सांगता येत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला, पीठ चांगलं असल्याचा. वरातीमागून घोडं.

बाबाला शिक्षा होईल. आमच्या अर्जाला कुठल्याच कलमात शिक्षा नाही, मी पाहिलंय.

म्हणून मी आता वर्गात आणि पाड्यापाड्यावर एकच गोष्ट सांगते. ती सांगायला भगवी वस्त्रं लागत नाहीत आणि काळा कोटही लागत नाही. कोणी तुमच्यासमोर एखादी वस्तू काळी करून दाखवली, तर घाबरण्याआधी तोच थेंब तुमच्या घरच्या भाकरीवर टाकून बघा. ज्याच्यावर संशय आहे त्याला जो प्रश्न विचाराल, तोच ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाही विचारा. कागदावर सही कोणाची आहे ते पाहून मानू नका, आमची असली तरी. आणि लेकरू गप्प झालं, तर हात जोडू नका. त्याला उचला आणि दवाखान्यात न्या.