वीतभर कोरी भिंत

मंदाकिनीबाईंनी माळ्याच्या भिंतीवरून तळवा फिरवला. तो स्वच्छ निघाला, तसा त्यांनी तो दुसरीकडे फिरवून पाहिला; तिथंही स्वच्छच. पुट्टी बसली होती, रंग वाळला होता, खिडकी एका बोटानं उघडत होती. काढायला खोटच उरली नव्हती.

"लोकेश, हा रंग मले फिका वाटून राहिला."

"तीन बार बदल दिए, दीदी," मिस्त्री ब्रश धूत म्हणाला. "अब भैया गुस्सा करेंगे."

भैया म्हणजे नरहरीराव, त्यांचे यजमान. सोमवारी त्यांची बायपास होती आणि त्याआधी, शनिवारीच, वास्तुशांत उरकायचा त्यांचा हट्ट होता. तेलीबांध्याचं हे घर त्यांनी स्वतः कागदावर आखलेलं, माळ्यासकट. पण मंदाकिनीबाईंच्या माहेरी म्हणत, घर पुरं झालं की घरधनी जातो. त्यांचे वडील तसेच गेले होते, शेवटचं दार बसल्याच्या आठव्या दिवशी. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईनं हे कुणाला सांगावं तरी कसं? म्हणून महिनाभर त्यांची कुरकुर चालली होती. कधी कडी घट्ट, कधी फरशी उंचसखल. भांडायला सून नाही म्हणून आई घराशी भांडते, असं त्यांचा मुलगा पराग म्हणायचा.

खालून नरहरीरावांची हाक आली.

"अवं, झालं का नाही तुझं? पराग गुरुजीले फोन करून राहिला."

"वर येऊ नका!" त्या ओरडल्या. आवाज नको तितका चिरका निघाला.

लोकेश सामान आवरू लागला. निदान एखादी चीर सापडेल म्हणून त्या धास्तावल्यासारख्या एकेक कोपरा धुंडाळत निघाल्या. छपराचा उतार जिथं जमिनीला टेकतो, तिथं गुडघ्यांवर बसल्या आणि थबकल्या. वीतभर जागेत गिलावाच नव्हता. लाल विटा उघड्या होत्या. भोवतीची रंगाची कड मात्र पट्टी लावून मारल्यासारखी सरळ होती.

"हे काहून राहिलं?"

लोकेशनं मान खाली घातली. "भैया छुड़वाए हैं, दीदी. पहले दिन से. बोले, इतना कभी मत भरना. और आपको बताने से मना किए."

मंदाकिनीबाईंचे डोळे भरून आले. 'ऑपरेशन म्हणजे किरकोळ' असं रोज हसत सांगणारा माणूस, तोही घर पुरं होऊ देत नव्हता! विटांवर त्यांनी एकदा हात ठेवला. मग जुनी लोखंडी पेटी लोकेशच्या मदतीनं ओढून त्या जागेपुढे लावली.

तेवढ्यात धापा टाकत नरहरीराव वर आलेच. त्यांची नजर आधी त्या कोपऱ्याकडे गेली.

"पेटी इथं काहून आणली?"

"राहू द्या. तिथंच बरी आहे. कोणाले हलवू देऊ नका."

 नरहरीराव हळूच पेटीवर बसले आणि शेजारी बायकोसाठी जागा केली.

"मंग गुरुजीले शनिवारचं सांगू?"

"सांगा," त्या टेकत म्हणाल्या. "माळा झाला म्हणा."

"हव," नरहरीराव म्हणाले, आणि पेटीवरूनच त्यांनी खाली परागला हाक मारली.