वस्तऱ्याखालचा होकार

सलूनवाल्याला सगळ्या वस्तीच्या पोटातलं ठाऊक होतं. गळ्याला कापड गुंडाळलं, गालावर फेस चढला की भलेभले खरं बोलू लागत. नदीपलीकडच्यांशी पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या लढाईबद्दल नळवाला कुजबुजला, "पुरे झालं आता. तह करून टाका म्हणावं." मास्तरही तेच म्हणाले, इकडेतिकडे बघून. चौकात भाषणं ठोकणारा छापखानेवाला तर मिशी कोरून घेताना चक्क रडला. आणि उठताना प्रत्येकाचं पालुपद ठरलेलं: "कुणाजवळ बोलू नका हं. लोक काय म्हणतील!" अहो, लोक म्हणजे कोण? तुमच्या आधी याच खुर्चीत बसून गेला, तोच की! पण हे सलूनवाला मनातच म्हणे. गिऱ्हाइकाचं गुपित फोडलं तर दुकानाला कुलूपच.

रविवारी शाळेच्या सभागृहात मतदान होतं, तेही हात वर करून. वस्तीने तहाला होकार दिला तर सीमेवरच्या चौकीत अडकलेली इथली पोरं आठवड्याभरात घरी येणार होती. त्यांत सलूनवाल्याचा धाकटा होता. थोरला तीन वर्षांपूर्वी याच लढाईत गेला. त्याचा फोटो सभागृहाच्या भिंतीवर होता आणि त्याची बायको सासऱ्याशेजारीच बसली होती.

"तहाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," वस्तीचे अध्यक्ष म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे गेलेले फुकटच गेले म्हणा की!"

नळवाला चपलेकडे बघत होता. मास्तर चष्मा पुसत होते, पुसतच होते. सलूनवाल्याचा हात मांडीवरून उठला, खांद्यापर्यंत आला. सुनेने वळून पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते त्याला कळेना, आणि विचारायचा धीर तर मुळीच नव्हता. हात तसाच वर गेला आणि त्याने डोकं खाजवलं. त्याला स्वतःचीच किळस आली.

"एकमताने नामंजूर!" अध्यक्षांनी जाहीर केलं. सगळ्यांत जोरात टाळ्या छापखानेवाल्याने वाजवल्या.

दुपारी चौकीवरून धाकट्याचा फोन आला.

"बाबा, काय झालं?"

"नाही जमलं रे."

"आपल्या बाजूने किती जण होते?"

सलूनवाल्याने मागे वळून पाहिलं. स्वयंपाकघरात भांडी घासणारी सून थांबली होती.

"कुणीच नाही," तो म्हणाला.

पोरगा हळूच म्हणाला, "एकसुद्धा नाही, बाबा?"