शेवटच्या बाकावर जागा नाही

त्या चर्चमध्ये शेवटचा बाक सगळ्यात आधी भरायचा. आपण कमीपणा घ्यावा, दुसऱ्याला पुढे बसवावं, ही शिकवण मंडळींनी इतकी मनावर घेतली होती की पहिले चार बाक रिकामे आणि मागे दाटीवाटी. शेवटचा बाक मिळावा म्हणून काही जण अर्धा तास आधी येत. पाळक दर रविवारी विनवत, "पुढे या." मग "तुम्ही आधी", "छे छे, तुम्ही", असं पाच मिनिटं चाले आणि कोणी तसूभरही हलत नसे.

घरात मोठी लेक म्हणून जिला सगळे थोरली म्हणत, तिचा या नम्रतेनं जीव मेटाकुटीला आला होता. ती कान तपासण्याच्या दवाखान्यात काम करायची. कोणाला किती ऐकू येतं ते दिवसभर मोजायचं, हे तिचं पोटापाण्याचं काम. आणि तिची स्वतःची आई दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसून उपदेशाचं एक अक्षर ऐकत नव्हती. कानातलं यंत्र थोरलीनंच बसवून दिलं होतं. पण त्या बाकावर नेमका पंखा होता, आणि यंत्र पाळकांबरोबर पंख्यालाही मोठं करायचं. थोरलीनं मीटर नेऊन मोजलं. दुसऱ्या बाकावर पाळकांचा आवाज बहात्तर डेसिबल, शेवटच्या बाकावर चोपन्न, आणि पंखा एकटाच बावन्न. आकडे कागदावर मांडून दाखवले तर आई म्हणाली, "किती कष्ट घेतेस गं," आणि पुन्हा मागेच बसली.

त्या आठवड्यात मात्र आईनं कहर केला. भाजी निवडता निवडता म्हणाली, "हा रविवार शेवटचा. पुढं मी घरीच प्रार्थना करीन. ऐकू येत नाही, मग उगाच एकाची जागा कशाला अडवायची?"

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाळंतपणं सोडली तर आईनं चाळीस वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता. ती घरी बसली की बसलीच, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून रविवारी ती सगळ्यांच्या आधी पोचली, दुसऱ्या बाकावर पिशवी ठेवली, आईला हाताला धरून तिथं बसवलं आणि पाणी प्यायला गेली. परत येते तो तिथं एक लेकुरवाळी बसलेली.

"आजींनी दिली जागा," ती म्हणाली.

आई शेवटच्या बाकावर, पंख्याखाली. तिच्या शेजारी घड्याळजी. आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी हात थरथरू लागले म्हणून दुकान बंद.

थोरली आईच्या कानाशी वाकून कुजबुजली. अर्थात, आईला ऐकू जाईल अशी कुजबूज सगळ्या सभागृहाला ऐकू जाते.

"पिशवी ठेवली होती ना मी?"

"तिच्या कडेवर बाळ होतं."

"बाळाला पहिल्या बाकावर बसव, तिसऱ्यावर बसव! चार बाक ओस पडलेत. तुला दुसऱ्यांसाठी काही सोडायचं नसतं आई, तुला नम्र दिसायचं असतं."

शेवटच्या बाकावरचे दोघेतिघे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

आई म्हणाली, "पहिली दहा वर्षं तसंच होतं. खोटं कशाला बोलू? आता तसं नाही." आणि तिनं मांडीवरचं गीतपुस्तक घड्याळजींपुढं उघडून दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तेव्हा कुठं थोरलीच्या लक्षात आलं. घड्याळजींना पुस्तक धरता येत नव्हतं. अक्षरं त्यांच्या हातात नाचायची. दोन वर्षं मीटर घेऊन हिंडताना तिनं बाक मोजला, पंखा मोजला. बाकावर कोण बसलंय ते पाहिलंच नव्हतं.

"मग काका, तुम्हीही पुढे चला की," ती वरमून म्हणाली.

"माझी मान हलते, पोरी. एकदा पुढे बसलो होतो. पाळकांना वाटलं, मी उपदेशाला 'नाही, नाही' म्हणतोय. बिचारे तीनदा अडखळले." ते हसले. "तुझ्या आईला मी दर रविवारी सांगतो, पुढं जा. ऐकतच नाहीत. आता म्हणतात, माझ्या जागी ऐकू येणारं कुणी बसू दे, मी घरी बसते."

बाहेर घंटा झाली. थोरली चडफडत उभी राहिली. तिचा हिशोब बरोबर होता, एकूणएक आकडा बरोबर होता, आणि त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

"सरक," ती आईला म्हणाली. "पुस्तक इकडं दे."

"तुला उपदेश ऐकायचा असेल ना?"

"आई. ऊठ."

आई घड्याळजींकडे बघू लागली. ते म्हणाले, "जा हो. पोरीचा हात तुमच्यापेक्षा स्थिर असेल."

आई गेली. लेकुरवाळीनं सरकून जागा दिली. थोरली पंख्याखाली बसली. पाळकांचं बोलणं तिच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचत होतं. घड्याळजी एकेक ओळ सावकाश, बोट फिरवत गात होते. मंडळी तिसऱ्या कडव्यावर गेली तेव्हा हे दुसऱ्याच्या मध्यावर. पान उलटायला गेलं की ते म्हणत, "थांब, थांब." तिच्या मनगटाला कळ लागली. आईनं हे दोन वर्षं कसं केलं असेल, असं वाटून तिला आईचा नव्यानं राग आला, कारण आईनं कधी सांगितलं नव्हतं.

उपदेश सुरू झाला. पुढं आईची पाठ ताठ झालेली दिसली. मग पाळक काहीतरी बोलले आणि आई हसली. सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी.

"काय म्हणाले?" थोरलीनं विचारलं.

"कोण जाणे," घड्याळजी म्हणाले. "पुस्तक जरा वर धर."