काठोकाठ तांब्या

"तांब्या काठोकाठ भर, मांडीवर घे अन् गप बस. पानी वर उडालं तर कमान ताठ हाय. कडंनं वघळलं तर सैल हाय. काय झालं तेवढं सांग, बाकीचं आमी बघतो."

मामंजींनी हे मला लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं. मामंजी म्हणजे माझे सासरे, तात्याबा लोहार. सांगलीहून कुपवाडला जाताना आमची पत्र्याची शेड लागते. तिथे ते आधी बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवत आणि पुढे मोटारींच्या कमानी करू लागले. कमान म्हणजे मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले पोलादी पाटे. गाडीचा भार त्यांच्यावर झुलतो.

मी रोज पहाटे कृष्णेवरून महादेवासाठी पितळी तांब्याभर पाणी आणते. तो वाटेत जमिनीला टेकवायचा नाही आणि थेंब सांडू द्यायचा नाही, हा माझा माहेरचा नेम. मामंजींनी तो बघितला आणि त्या दिवसापासून शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीत माझी एक फेरी ठरली. मामंजी गेले. त्यांच्या जागी माझे मालक जोतीराम हातोडा धरू लागले. फेरी मात्र चुकली नाही.

मग एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या माघात साताऱ्याच्या हंबीररावांची लाल गाडी आली.

हंबीरराव फौजेतून सुटून आलेले. घरी उसाची जमीन, आणि वेड मोटारीचं. बुटकी, दोन दारांची गाडी. इंजिनाचा आवाज असा की रस्त्यावरची गुरं बुजायची. यवतेश्वराच्या घाटात हौशी लोकांनी गाड्यांची चढाओढ ठेवली होती. त्यासाठी त्यांना कमानी ताठ करून हव्या होत्या. यांनी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा घातला आणि शेवटची जुळणी करायला आम्ही साताऱ्याला त्यांच्या घरी गेलो. मी, हे आणि यांचे जोडीदार मिस्त्री रहिमानभाई. शर्यत दहा दिवसांवर होती.

हंबीररावांच्या आई बनुबाई ओसरीवरून उतरून यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"जोतीराम, ह्यो माजं ऐकत न्हाई. पर तुमच्या त्या तांब्यावर उतरल्याबिगर गाडी घाटात सोडायची न्हाई. मला शब्द द्या."

"दिला, आई," हे म्हणाले.

मी तांब्या घेऊन मागे बसले. घराबाहेरच्या खडीवर गाडी शंभर हात गेली नसेल तोच पाणी कारंज्यासारखं उडालं. माझी चोळी भिजली.

परतल्यावर मी हळूच म्हणाले, "वर उडतंय. लय ताठ हाय."

हंबीररावांचे चारपाच मित्र कडेला उभे होते. हंबीरराव हसले. "वैनी, शर्यतीची गाडी हाय, पाळणा न्हवं."

"रावसाहेब," हे म्हणाले, "वळणावर कलंडू नये म्हून ताठ पायजे, कबूल. पर घाटात खडी उखडलीया. खड्ड्यावर चाक उडालं तर त्ये हवंत कुठं वळायचं? चाक भुईला टेकलं तर तुमचं ऐकंल. पाटा काढू."

"आता बायकूच्या तांब्यावर मोटारी चालवता व्हय, मिस्त्री?"

मित्र खो खो हसले. यांचे कान लाल झाले. मी आणखी एकदा बोलायला हवं होतं. माझा आवाज तसाही ओठाबाहेर पडत नाही. त्या हसण्यात तर तो घशातच राहिला. हे तसेच गाडीखाली वाकले आणि पाट्यांचा पट्टा आवळण्यासाठी हातोडा उचलला. पोलादावर पोलाद. तिसऱ्या घावाला 'टिच्' असा बारीक आवाज झाला आणि हे डोळा धरून मागे बसले.

हातोड्याची कपची उडाली होती.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मला बाजूला घेतलं.

"उजव्या डोळ्याला भोक पडलंय. आतला ऐवज अजून जागेवर आहे. डोकं आदळलं, हिसका बसला, तर बाहेर येईल. मग डोळा गेला. मिरजेला न्या. अंधार पडायच्या आत टेबलावर पाहिजेत."

साडेबारा वाजले होते. लग्नाची दाट तिथ होती. स्टँडवरच्या दोन्ही टॅक्सी वऱ्हाडं घेऊन गेल्या होत्या. एस्टीत यांना बसवणं शक्य नव्हतं. दारात उभी होती ती एकच, लाल गाडी.

हंबीररावांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते फक्त म्हणाले, "बसा."

पुढची सीट वाकवून यांना मागे सरकवायला चार माणसं लागली. यांचं डोकं माझ्या मांडीवर. माझे दोन्ही हात यांच्या कानांवर. तांब्या कोण धरणार? मी तो रहिमानभाईंपुढे केला.

"देवाचा हाय, भाबी. चालंल का?"

"तुमच्या हातात चालंल. फकस्त भुईला टेकवू नका."

त्यांनी हात सदऱ्याला पुसले आणि भरलेला तांब्या ओंजळीत घेऊन पुढे बसले.

गाडी कितीही हळू चालवली तरी रस्त्यातला प्रत्येक खडा माझ्या मांडीपर्यंत पोचत होता. रहिमानभाई मान न वळवता सांगत होते, "उडतंय... उडतंय... आत्ता जोरात उडालं." यांच्या कपाळाच्या शिरा तटतटल्या होत्या. दात आवळलेले. नागठाणं आलं तेव्हा हेच म्हणाले, "रहिमान, जादा पाटं काढ. न्हाईतर मिरजंला डोळ्याची खाचच पोचंल."

"तासभर जाईल, मिस्त्री," हंबीरराव म्हणाले.

"जाऊ दे."

यांना खाली उतरवायची सोय नव्हती. हे आत असतानाच गाडी उचलायची होती. रहिमानभाई जॅकचा दांडा असा फिरवत होते की घड्याळाचा काटा त्यापेक्षा जलद चालत असेल. मी मनात शंकराचं नाव घेत होते, पण मोजत मात्र दांड्याचे फेरे होते. तांब्या आता हंबीररावांच्या हातात आला होता. लाल गाडीशेजारी, भर रस्त्यावर, ते देवळातल्या गुरवासारखे तांब्या धरून उभे होते. उसाची बैलगाडी शेजारून गेली. वरून गाडीवान ओरडला, "काय पावनं, मोटारीची पूजा घातलीय काय?" हंबीररावांनी तांब्या आणखी सावरून धरला.

डॉक्टरांच्या इंजेक्शनने हे हळूहळू गुंगीत गेले. जादा पाटे निघाले तेव्हा रहिमानभाई खिडकीशी आले. डोळे ओले होते.

"भाबी, आनखी एकेक काढू? मूळचा. लोन्यावानी जाईल गाडी. त्याला काय लागायचं न्हाई."

यांना विचारावं तर हे बोलत नव्हते. मला वाटलं, जितकी मऊ तितकी बरी. मी मान डोलावली. काढलेले चारही पाटे डिकीत ठेवले आणि सव्वादोनला आम्ही निघालो.

कऱ्हाडपर्यंत खरंच लोण्यासारखं गेलो. पाणी हललं नाही. यांचा श्वास संथ झाला. हंबीररावांनी वेग वाढवला आणि मी नको म्हटलं नाही, कारण उन्हं कलायला लागली होती. पुढे पुढे मात्र गाडी खड्ड्यातून निघाल्यावरही झुलत राहू लागली. रहिमानभाई गप्प झाले होते.

"भाईजान, पानी?" मी विचारलं.

"वर उडत न्हाई, भाबी," ते म्हणाले. कडेचं त्यांनी सांगितलं नाही.

पेठनाक्यावरून इस्लामपूरच्या रस्त्याला वळलो. पुढे उसाच्या गाड्यांची रांग. शेवटच्या गाडीचा बैल अचानक आडवा झाला. हंबीररावांनी चाक उजवीकडे मारलं. गाडी एका अंगावर कलली, पुन्हा दुसऱ्या अंगावर. शेपूट फेकलं गेलं आणि खाली कमान पार दबून सांगाड्याच्या लोखंडावर धाडकन टेकली. यांचं डोकं माझ्या हातांतून निसटलं. दारावर आपटायच्या आत मी कोपर मध्ये घातलं. कोपराचं हाड वाजलं. डोकं वाचलं.

रहिमानभाईंचं धोतर पार भिजलं होतं. पाणी कडेने वघळलं होतं.

मामंजींचा आवाज मला अगदी कानाशी ऐकू आला. चुकले होते मी. मागे आम्ही दोघं बसलेले, कमानीवर आमचा भार, आणि त्यातून मूळचाच पाटा काढलेला. एक धोंडा हुकवायला गेले आणि दुसरा उरावर घेतला.

"गाडी उभी करा," मी म्हणाले.

"वैनी, चार वाजत आल्यात. आता थांबाय न्हाई येत. मी हळू घेतो."

"हळू घ्याल तर अंधार पडंल. जोरात घ्याल तर पुन्हा असंच व्हईल. मूळचा पाटा परत घाला. जादा नको, मूळचा."

"अवो, त्यात आनखी पाऊण तास मोडंल..."

"गाडी उभी करा!"

तो आवाज माझा होता. हंबीररावांनी ब्रेक दाबला तो ऑर्डर मिळाल्यासारखा. मला स्वतःलाच धडकी भरली. सासरी आल्यापासून मी एवढ्या मोठ्याने बोलले नव्हते.

पुन्हा जॅक, पुन्हा ते केसभर केसभर वर चढणं. हंबीररावांनी न सांगता तांब्या घेतला, रस्त्याकडेच्या पाण्याच्या पाटातून काठोकाठ भरला आणि धरून उभे राहिले. मी बघत होते सूर्याकडे. एकदा यांचे ओठ हलले. मी वाकले तर म्हणाले, "किती पाटं हायती?" मी म्हणाले, "आता तुमी सांगितलं हुतं तेवढंच राहत्यात. जादाचं न्हाईत." हे पुन्हा गुंगीत गेले, पण कपाळ सैल झालं.

पावणेपाचला निघालो. आता गाडी खड्ड्यात दबायची, एकदाच वर यायची आणि थांबायची. वळणावर कलायची, पण घाबरवायची नाही. रहिमानभाई सांगत होते, "हलतंय, भाबी. सांडत न्हाई." आष्टा गेलं. "सांडत न्हाई." सांगलीत शिरताना नदीकाठी दिवे लागायला सुरुवात झाली होती. मी रोज तिन्हीसांजेला तुळशीशी दिवा लावते. त्या दिवशी तुळस घरी अंधारात होती आणि माझे हात यांच्या कानांवर. मी मनातल्या मनात वात लावली.

मिरजेच्या दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा आभाळात अजून लाली होती. यांना स्ट्रेचरवरून आत नेलं. बऱ्याच वेळाने मागे वळून बघते तर रहिमानभाई भिंतीशी उभेच, तांब्या ओंजळीत. बाकड्यावर जागा होती. "बसा की," मी म्हणाले. "बसलो तर हात टेकत्याल," ते म्हणाले.

डॉक्टरांनी कपची काढली. डोळा राहील की नाही ते पट्टी सुटल्यावर कळेल म्हणाले. आठ दिवस यांनी मानेखाली उशी न घेता उताणं पडायचं. मी बाकड्यावर राहिले. पहाटे दवाखान्यातून निघून पहिली एस्टी धरायची, सांगलीला कृष्णेवर जायचं, महादेवाला पाणी घालायचं आणि परत यायचं. त्या आठ दिवसांत मी देवापाशी काही मागितलं नाही. मागायला तोंड नव्हतं. साताऱ्याच्या अंगणात मी दुसऱ्यांदा बोलले असते तर हातोडा उचललाच गेला नसता, हे माझं मला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, डॉक्टरांनी पट्टी काढली. चांगला डोळा तळव्याने झाकला.

"काय दिसतं?"

 मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. 

"उजेड हाय," हे म्हणाले. मग, "तिथं कोन तरी हाय. हातात पिवळं कायतरी धरलंय." थोडं थांबून म्हणाले, "तांब्या हाय."

डॉक्टर म्हणाले, चष्मा लागेल, बारीक काम जपून करावं लागेल, पण डोळा राहिला. आणखी पंधरा दिवस मात्र हलायचं नाही.

दुपारी रहिमानभाई आले. साताऱ्याहून परतले होते.

"रविवारी शर्यत हाय," ते यांना म्हणाले. "रावसाहेबांनी जादा पाटं डिकीतनं काढून वसरीवर ठेवल्यात. मैतर म्हंत्यात घाल, त्याबिगर जिकायचा न्हाईस. आई म्हंती, तांब्याला इचार. ह्यो गडी रातंदिस नुसता पाट्यांकडं बघत बसलाय."

"गाडीत एकट्यानं बसनार," हे छताकडे बघत म्हणाले. "मागं भार न्हाई. आता हाय तेवढी कमान चालतीया का, त्ये बघाय पायजे. कदाचित अर्धा पाटा लागंल. बसून बघितल्याबिगर कसं सांगू?" त्यांचा हात चादरीवर चाचपडला. "बनुबाईस्नी शब्द दिलाय मी."

मी यांच्या हातावर हात ठेवला आणि पाण्याचा घोट दिला.

शनिवारी पहाटे यांना झोप लागलेली होती. नर्सबाईंना सांगितलं, संध्याकाळी परत येते. सांगलीला कृष्णेच्या घाटावर पोचले तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पहिला तांब्या महादेवाला घातला. मग पुन्हा पायऱ्या उतरले, तांब्या काठोकाठ भरला, पदर खोचला आणि साताऱ्याच्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागले.