चांदणगोफण आणि सहा सांबरं

इंग्लंडातल्या बीस्टन गावी चर्चमागच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी युद्ध व्हायचं. चार टेबलं जोडून त्यांवर हिरवं कापड, कापडावर थर्मोकोलचे डोंगर, आणि डोंगरांमधून बोटाच्या पेराएवढी, हाताने रंगवलेली सैन्यं. सैन्यं एवढीशी, सेनापतींचा रुबाब मात्र खऱ्याच्या वरताण.

ग्लेंडा मार्सडेन तिथे नवी होती. बावीस वर्षं तिने लष्करात रसदीचे ट्रक हाकले होते. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी राजीनामा दिला, म्हणून बसून खेळायचा खेळ शोधत ती इथे आली आणि एल्फांच्या बाजूला बसली. एल्फ म्हणजे उंच, देखणे, टोकदार कानांचे, हजार हजार वर्षं जगणारे लोक. एवढं आयुष्य हाताशी असून त्यांना घाई कसली, हे तिला लवकरच कळलं.

घाई त्यांच्या सेनापतींना होती. रॉडरिक टॅलबॉट, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. अकरा महिने खपून त्यांनी ‘चांदणगोफण’ बनवली होती: किल्ल्याचा तट फोडणारं, फूटभर उंचीचं दगडफेकी यंत्र. त्यावर कोरलेल्या वेली, चंदेरी पानं, आणि एका खांबावर फक्त भिंगातूनच वाचता येईल असं एल्फ भाषेतलं काव्य. भिंग ते खिशातच ठेवत.

“तुम्ही गाड्या सांभाळा, बाई,” त्यांनी ग्लेंडाला सांगितलं. “पीठ, पाणी, दगड. नवीन माणसाला बरं असतं. कुणी मारत नाही, कुणी बघतही नाही.”

“मोठे उपकार झाले, सेनापती.”

ग्लेंडाने बारा गाड्या रंगवल्या, प्रत्येकीला दोन सांबरं जुंपली, आणि कुठल्या गाडीत काय आहे याचा कागद पंचांकडे दिला. पंच एडविन, जुने ग्रंथपाल. खेळाचे चौऱ्याण्णव पानी नियम त्यांनीच लिहिले होते आणि बहुधा त्यांनीच वाचले होते. कागद पाहून त्यांचे डोळे पाणावले.

मोहिमेच्या तिसऱ्या रविवारी किल्ला दिसू लागला. आत राक्षसांची फौज, आणि तिचा धनी फर्गस, गावातला दातांचा डॉक्टर. पण चांदणगोफण भलती जड. चार सांबरं ओढूनही एका डावात बोटभर सरकायची. चहाच्या सुट्टीआधी ती तटासमोर उभी राहिली नाही, तर फोटो कोण काढणार?

“तुमची सहा सांबरं घेतो,” रॉडरिक म्हणाले.

“कुठली?”

“मागच्या तीन गाड्यांची.”

“त्यांत दगड आहेत.”

“बाई, लढाया शौर्यावर जिंकतात. गाड्यांवर नाही.”

“मग शौर्यच घाला गोफणीत.”

सगळे हसले, पण सांबरं गेलीच. दगडांच्या तीन गाड्या मागे, नदीवरच्या पुलापलीकडे जागच्या जागी उभ्या राहिल्या. दहा सांबरांची चांदणगोफण दिमाखात तटापर्यंत गेली. लोक जमले, फोन निघाले. रॉडरिकनी बाही सावरून फासे हातात खुळखुळवले.

“दगड?” एडविननी विचारलं.

“कसले दगड?”

“फेकायचे. एकसष्टावं पान. ते पुलापलीकडे आहेत, सेनापती.”

“टॅलबॉट,” फर्गस बिस्किट चावत म्हणाला, “काव्य वाचून दाखवा ना तटाला. पडेल लाजेने.” आणि त्याने किल्ल्याचा दरवाजा उघडला.

दोन डावांत एल्फांची उजवी बाजू कापली गेली. ग्लेंडाला क्षणभर आनंद झाला. नाही म्हटलं तर खोटं होईल. मग तिचं लक्ष रॉडरिककडे गेलं. ते गोफण दोन्ही तळव्यांनी झाकून उभे होते.

ती शेजारी सरकली. “सांबरं सोडा. सहा माझ्या गाड्यांना परत जोडा, उरलेली चार मोकळी करा. गाड्या रिकाम्या करते, तिरंदाजांना त्यांत घालून नदीपार नेते. गोफण राहू दे इथेच.”

“अकरा महिने लागलेत, बाई!”

“मी एकदा वाळवंटात आख्खा ट्रक सोडून आले. नवा कोरा. फक्त ड्रायव्हरला घेऊन आले.”

“ट्रकचं काय झालं?”

“कुणास ठाऊक. ड्रायव्हर अजून नाताळला पत्र पाठवतो.”

रॉडरिकनी गोफणीवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी एकेक सांबर चिमटीत उचललं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

ग्लेंडाने पीठ सांडलं, दगड नदीत ढकलले आणि तीनशे तिरंदाज गाड्यांत कोंबून पलीकडच्या काठाला लावले. मागून फर्गसने आरोळी ठोकत चांदणगोफण काबीज केली, तिचं तोंड नदीकडे फिरवलं आणि फासे उचलले.

“दगड?” एडविननी विचारलं.

फर्गसने टेबलभर नजर फिरवली. शेवटी ग्लेंडाला म्हणाला, “मार्सडेनबाई, एखादा उसना मिळेल का?”

“तळाशी आहेत. पोहता येतं का तुमच्या राक्षसांना?”

लढाई बरोबरीत सुटली. क्लबच्या रिवाजाप्रमाणे काबीज केलेलं यंत्र महिनाभर फर्गसच्या दवाखान्यात राहणार होतं. रॉडरिकनी ते स्वतः कापसात गुंडाळलं, कुठल्या ब्रशने धूळ झटकायची ते त्याला तीनदा सांगितलं, आणि मग ग्लेंडाच्या गाड्या खोक्यात भरायला बसले. सांबरांची शिंगं मोडू नयेत म्हणून त्यांनी आपला रुमालही दिला.

पुढच्या मोहिमेच्या कामांची यादी भिंतीवर लागली तेव्हा गाड्यांपुढे पाच जणांनी नावं लिहिली, सर्वांत वर रॉडरिक. तट फोडायला मात्र कुणीच नव्हतं. ग्लेंडाने यादी वाचली आणि पंचांना सांगितलं की या वेळी किल्ला चार रविवार नुसता बघावा लागेल, पण उपाशी कुणी राहणार नाही.