उतरलेली कंबर

आमचे हे मधुमेहावरची पूड विकतात. कसलीशी साल कुटायची, डब्यात भरायची आणि वर हसऱ्या माणसाचा फोटो चिकटवायचा, एवढाच कारखाना. तो हसरा माणूस म्हणजे माझा दादा.

दादा शिंपी. साखर जुनीच, पण गोळ्यांनी आटोक्यात. यंदा ती एकाएकी चढली आणि वजन मात्र उतरत गेलं. दादा स्वतःचीच पँट पुन्हा पुन्हा कंबरेत आत घ्यायचा. ह्यांना आयतं घबाड सापडलं. "साखर जाताना आधी उसळते," म्हणाले आणि गिऱ्हाइकांपुढे दादाला त्याच्या एका जुन्या पँटमध्ये उभं करू लागले. मागची ढिली कंबर मुठीत धरून म्हणायचे, "बघा, आमचे मेहुणे."

लोक वाहवा करायचे. वहिनीसुद्धा चेष्टेनं म्हणायची, "आता ह्यांच्यासाठी मुलगी बघायला हरकत नाही."

पाठ दुखते? मशीनवर वाकून. जेवण जात नाही? पथ्य. प्रत्येक दुखण्याला कारणाचं ठिगळ. मला ह्या प्रदर्शनाची किळस यायची, पण दादाच खुशीत होता.

एकदा मी दुकानात बटणं लावत होते. दादानं ओवायला सोपं जावं म्हणून सुईमागं पांढरं कापड धरलं. त्या पांढऱ्यापुढे त्याचे डोळे पिवळेजर्द दिसले. तशीच त्याला दवाखान्यात घेऊन गेले.

"वजन मुद्दाम कमी केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे, आपोआप." दादा लाजून हसला.

डॉक्टर हसले नाहीत. मधुमेह असला की काही कॅन्सरचा धोका मुळातच जास्त, म्हणाले. आणि आटोक्यातली साखर अशी बिघडून वजन उतरलं, तर स्वादुपिंड तपासायलाच हवं. तपासणीत तिथे गाठ निघाली. कापता येईल की नाही, ते पुढच्या तपासण्यांवर.

घरी आल्यावर दादा जुनी पँट घेऊन बसला. दुसऱ्या पँटींची आत घेतलेली शिवण उसवायलाही काढली.

"हे कशाला?" वहिनीनं विचारलं.

"ऑपरेशन झालं की अंग भरेल. तेव्हा लागतील."

ह्यांनी जुन्या पँटचा एक पाय धरला. "ही तेवढी असू द्या. नवा माल भरलाय, आणि गाठीचं एवढ्यात कुठे बोलू नका."

मी तो पाय त्यांच्या मुठीतून ओढून घेतला. कापडाला पुडीचा वास लागला होता. दादाच्या हातात देण्याआधी ती पँट मी धुवायला टाकली.